खाजामियाँचा आरसा

आमच्या नांदेडच्या कॉलेजातला मानसशास्त्र विभाग बंद झाला आणि प्रयोगशाळेतलं सामान भंगारात काढायच्या कागदावर विभागप्रमुख म्हणून मीच सही केली. सही करताना मला काहीही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाटलं ते प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या खाजामियाँना. "सर, शनिवारपर्यंत थांबा. हरेक चीजला घर बघून राहिलो," ते म्हणाले. जणू लेकीच उजवायच्या होत्या.

प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला, ज्याच्यावर प्रयोग करायचा असा एक माणूस सोबत आणावा लागतो. आमची पोरं हमखास विसरायची, मग खाजामियाँ खुर्चीत बसायचे. पाटीवरची चांदणी फक्त पाटीला जोडलेल्या आरशात बघत गिरवायची, हा त्यातला अवघड प्रयोग, भलेभले घसरतात. एकतीस वर्षांच्या सवयीने खाजामियाँची चांदणी एका दमात व्हायची. पहिल्याच खेपेला एकही चूक नाही, म्हणून एका परीक्षकाने पोरावर लबाडीचा आळ घेतला. तेव्हापासून खाजामियाँ मुद्दाम चुकू लागले, आधी जास्त, मग कमी कमी, सरावाने चुका घटतात हा पोरांचा आलेख बरोबर यावा म्हणून.

आठवडाभर त्यांनी फोन केले. स्टॉपवॉच कंधारच्या एका शाळेने नेली, चक्रव्यूहाची पाटी मुखेडला गेली. बाकी सगळीकडे एकच उत्तर, आता सारं कॉम्प्युटरवर असतं. उरला आरसा. शुक्रवारी लातूरच्या एका उपचार केंद्रातून पंचशीला मॅडमचा होकार आला. खाजामियाँ तो मांडीवर घेऊन एसटीत बसले. मीही सोबत गेलो.

"आम्हाला नुसता आरसा लागेल, लकव्याच्या पेशंटसाठी," मॅडम म्हणाल्या. "खालची पाटी काढावी लागेल."

खाजामियाँचा चेहरा उतरला. "मोडायला न्हाई आणलं मॅडम. आख्खं ऱ्हायलं तरच देतो."

समोर कस्तुराबाई बसल्या होत्या, उजवा हात दोन वर्षं लुळा. मॅडमनी तो हात आरशामागे सरकवायचा प्रयत्न केला, पण पाटी आडवी येत होती. खाजामियाँ बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून पेचकस काढून त्यांनी स्वतःच स्क्रू सोडवले.

आता आरसा दोन हातांच्या मध्ये उभा राहिला. कस्तुराबाईंनी डावी मूठ मिटली, उघडली. आरशात उजवी मूठ मिटली, उघडली.

"आगं माय! दोन्ही हात हालून राहिले की!" त्या रडायलाच लागल्या. मागचा खरा हात तसाच पडून होता. रोज असं केलं तर कधीकधी तोही हलू लागतो, मॅडम म्हणाल्या. मला माझ्या सहीची लाज वाटली.

शनिवारी भंगारवाला आला. चांदणीची पाटी खाजामियाँनी स्वतः नेऊन त्याच्या गाड्यावर ठेवली.

"घरी न्या ना आठवण म्हणून," मी म्हटलं.

"आरशाबिगर ही कुणाच्या कामाची न्हाई, सर."

पण पाटीवरचा हात त्यांना उचलवेना. भंगारवाल्याने दोनदा "चाचा" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी तो काढला.