अकराव्या अंकाचं कव्हर

माइलो ह्राबिकने आमच्या गावात चौतीस वर्षं टपाल वाटलं, आणि एवढ्या वर्षांत कुणाचंही मासिक घडी घालून पेटीत कोंबलं नाही. मावत नसेल तर पायऱ्या चढून, घंटी वाजवून हातात द्यायचा. मग बर्फ असो नाहीतर कुत्रं अंगावर येवो. लोक म्हणायचे, काय सज्जन पोस्टमन आहे! सज्जन वगैरे काही नाही. त्याला छापील कागदाला पडलेली घडी बघवत नाही, एवढंच.

हे मी सांगू शकते, कारण गेली बावीस वर्षं त्याच्या वेडाला मी पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, पुरवते आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या कॉमिक्सचा बाजार भरतो आणि स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. नातवंडं झालेले पुरुष चोपडी पिशवीतून काढून हुंगतात, पिना गंजल्यात का ते भिंगातून बघतात, आणि कोपरा पिचकलेला दिसला की कुणीतरी गेल्यासारखी मान हलवतात. मला कॉमिक्समधलं ओ की ठो कळत नाही. पण खिडकीतून माणसं बरी दिसतात.

बाजार सुरू केला माइलोने, आणि बाजाराचा एकमेव नियमही त्याचाच. पहिल्याच वर्षी एका अंकावरून दोघेजण हमरीतुमरीवर आले आणि ओढाताणीत अंक फाटला. माइलोला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्याने वळणदार अक्षरात पाटी रंगवली: 'अंकावर एकाचा हात असेल तोवर दुसऱ्याने त्या अंकाबद्दल बोलायचं नाही.' हात उचलला की अंक मोकळा. पाटी अजून कॉफीच्या भांड्यावर टांगलेली आहे, आणि तिचा सगळ्यात जास्त जाच माइलोलाच झाला.

ते कसं, ते सांगते. माइलोचा जीव अडकलाय तो 'कॅप्टन बॅरोमीटर' नावाच्या कॉमिकमध्ये. हा कॅप्टन खिशातलं यंत्र फिरवून हवामान बदलतो. एकोणीस अंक निघाले आणि कंपनी बुडाली. मला त्यात नवल वाटत नाही. त्रेपन्न साली माइलो आठ वर्षांचा होता, आणि त्याच्याच वर्गात एमेट शुल्ट्झ होता. गावात औषधाचं दुकान पाव्लिकचं, आणि कॉमिक्सही तिथेच मिळायची. न खपलेल्या अंकांची कव्हरं फाडून वितरकाला परत पाठवायची, पैसे वळते करून घ्यायचे आणि उरलेला कागद रद्दीत टाकायचा, अशी तेव्हाची पद्धत. पाव्लिक कव्हरं परत पाठवायचा, पण अंक रद्दीत न टाकता पोरांना पाच सेंटला विकायचा. माइलो आणि एमेटने अकरावा अंक असाच घेतला, एकेक बोडकी प्रत.

कव्हर नसल्याचं काही वाटलं नसतं. पण ती कंपनी इतकी चिकट, की गोष्टीचं शेवटचं पान मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला छापायची! त्यामुळे दोघांचा कॅप्टन बर्फाच्या विहिरीत कंबरेपर्यंत गोठलेला, यंत्र बंद पडलेलं, आणि खाली छापलेलं: 'आणि तेवढ्यात...' बस. बाराव्या अंकात कॅप्टन ठणठणीत. सुटला कसा, ते कुणालाच माहीत नाही.

माइलोचं म्हणणं, त्याने यंत्रावर तोंडाची वाफ सोडून ते चालू केलं. एमेटचं म्हणणं, कॅप्टनच्या कुत्र्याने दोर आणला.

"कुत्रा त्या गोष्टीत नाहीच आहे, एमेट. तो घरी होता."

"बरोबर. आणि मालक बुडतोय म्हटल्यावर घरी बसून शेपूट हलवत होता, नाही का?"

"बर्फाची विहीर होती ती! बुडत नव्हता, गोठत होता!"

हे अठ्ठावन्न वर्षं. दोघांच्या लग्नांत, एमेटच्या बायकोच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणातसुद्धा. मध्यंतरी एक अख्खी प्रत कॅलिफोर्नियात कुणीतरी भरमसाट किमतीला घेतली. माइलोने त्या माणसाला पत्र लिहिलं, एवढं शेवटचं पान वाचून कळवा म्हणून. उत्तर आलं, प्रत कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद आहे, उघडली तर भाव पडेल. माइलो म्हणाला, "न वाचायचं कॉमिक घेणारा माणूस पिरोगी काचेच्या कपाटात ठेवत असणार." मला तर ते एकदम पटलं.

आता गेल्या एप्रिलमधल्या रविवारचं ऐका. पाव्लिकची नात कॉलीन एक खोकं घेऊन आली. आई वारली, पोटमाळा रिकामा करतेय म्हणाली. माइलो तेव्हा एका गिऱ्हाइकाला, थुंकी लावून पानं उलटू नका, म्हणून झापत होता. तेवढ्यात एमेटने खोक्यातून एक पातळ पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर उजवा हात दाबला.

माइलो धावत आला. पिशवीत अकराव्या अंकाचं सुटं कव्हर होतं, पुढचं-मागचं दोन्ही, दुमडलेलं. त्याने तोंड उघडलं, पाटीकडे बघितलं, आणि मिटलं.

एमेट ते उघडेना, विकत घेईना, आणि हातही उचलेना. दहा मिनिटं गेली, मग अर्धा तास. लोक टेबलं सोडून भोवती जमले. माइलो छताकडे बघत म्हणाला, "रोझ, कॉफीबद्दल बोलायला बंदी नाही ना? मला एक कॉफी दे."

"आणि मला सहा पिरोगी," एमेट म्हणाला. "डाव्या हाताने खाईन."

मी बशी आदळली. "लाज वाटते का रे? सहासष्ट वर्षांचे घोडे झालात! तो बघ, अर्धा तास उभा आहे बिचारा."

एमेटने मान खाली घातली आणि मला एकटीला ऐकू जाईल असं बोलला, "कुत्रा नसला तर, रोझ? अठ्ठावन्न वर्षं मी त्याच्या बाजूने भांडलोय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. हा छळत नव्हता, घाबरला होता. मी माइलोकडे बघितलं, तर त्याचाही चेहरा पांढरा पडलेला. त्यालासुद्धा हरायचं नव्हतं, आणि जिंकायचं होतं असंही वाटेना. शेवटी त्याने रुमालाने हात पुसला आणि एमेटच्या हाताशेजारी पिशवीवर ठेवला. दोन हातांचं काय करायचं, ते पाटीवर लिहिलेलं नाही. दोघांनी मिळून कव्हर बाहेर काढलं आणि उघडलं.

शेवटच्या पानावर वरच्या चित्रांत कॅप्टन विहिरीत. खाली उजवीकडच्या शेवटच्या चित्रात कॅप्टन शेकोटीपाशी कोको पीत बसलेला. आणि त्या दोन्हींच्या मधलं, खाली डावीकडचं चित्र नव्हतंच. तिथे कात्रीने कापलेली चौकोनी खिडकी होती, आणि तिच्यातून टेबल दिसत होतं.

माइलोने कव्हर पालथं केलं. मागे शिट्टीची जाहिरात होती. कुपन कापून पाठवा, शिट्टी घरपोच मिळवा.

"आईचंच काम," कॉलीन ओशाळून म्हणाली. "आजोबांच्या परतीच्या गठ्ठ्यातून ढापलं असणार. होती तिच्याकडे ती शिट्टी. आम्हाला हात लावू द्यायची नाही."

मग एमेट भिंग घेऊन भोकाच्या कडेवर वाकला. कडेला एक काळी वाकडी रेघ उरली होती, नखाएवढी.

"शेपूट!" तो ओरडला.

"वाफ!" माइलो म्हणाला.

"वाफेला केस असतात?"

"डोळे तपास! ते केस नाहीत, शाई फुटलीय!"

आणि दोघं हसत सुटले. माइलोला खुर्चीत बसवावं लागलं, इतका हसला. सुटल्यासारखा हसत होता तो, आणि खरं सांगते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

कॉलीनने कापलेल्या कागदाचे दहा डॉलर सांगितले. दोघांचे हात अजून त्यावरच होते. आधी एमेटने उचलला.

"तू घे," तो म्हणाला. "माझ्या घरी घडी पडेल त्याला."

माइलोने ते आपल्या बोडक्या अंकाला नेमकं बसवलं आणि पिशवीत घातलं. आता दर महिन्याच्या बाजारात तो अंक येतो. विकायला नाही. जेवणाच्या सुट्टीत माइलो तो टेबलावर मधोमध ठेवतो. एमेट त्यावर उजवा हात ठेवतो आणि डाव्या हाताने पिरोगी खात कुत्र्याबद्दल हवं तेवढं बोलतो. माइलो नियमाप्रमाणे गप्प बसून ऐकतो.