रापणीत आलेली ठिपक्यांची पाहुणी

पाण्याचं आणि माझं कधी जमलंच नाही. रंकाळ्यातल्या होडीतसुद्धा मला मळमळतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे माझी भाची मृण्मयी फोनवर म्हणाली, "मावशी, चार दिवस रत्नागिरीला ये की, नशीब असेल तर व्हेल शार्क दिसेल," तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या अहोंना हसू आवरेना. त्यांचं ते फिदीफिदी ऐकलं आणि मी जायचं ठरवलं. झेरॉक्सचं दुकान त्यांच्याच गळ्यात मारलं आणि मार्चमधल्या एका सकाळी कोल्हापूर स्टँडवर रत्नागिरीची एसटी पकडली.

मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा रस्ता. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, सकाळची लवकरची गाडी धरा. रस्त्याचं काम ठिकठिकाणी चालू आहे, आणि दुपारच्या उन्हात त्या धुरळ्यातून गाडी रांगायला लागली की माणूस देवाचं नाव घेतो. घाट उतरला की अंगाला चिकट हवा लागते आणि कलमांच्या बागा सुरू होतात. साखरप्याला वडापाव खाल्ला, बरा होता, चटणीत मात्र दम नव्हता. (मी कोल्हापूरची आहे, मला चटणीवर बोलायचा हक्क आहे.) रत्नागिरी स्टँडवरून पुढं रिक्षा. भाडं बसायच्या आधी ठरवा, नंतर भांडून उपयोग नाही.

मृण्मयी ज्या गावात राहते त्याचं नाव मी लिहिणार नाही. मागच्या वर्षी तिथला एक व्हिडिओ फिरला आणि रील करणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की गावकऱ्यांना किनाऱ्यावर उभं राहायला जागा उरली नाही. तिनं मला शपथच घातली आहे. शहरापासून फार लांब नाही, मच्छीमारांचं गाव आहे, एवढ्यावर भागवा.

पोरगी समुद्री जीवशास्त्र शिकली आणि एका संस्थेसाठी इथं व्हेल शार्कचा अभ्यास करते. काम काय, तर मासा कुठं दिसला, केवढा होता, जाळ्यात अडकला तर कसा सोडला याची नोंद ठेवायची, आणि त्याच्या डाव्या बाजूचा फोटो मिळवायचा. कल्ल्यांच्या मागं आणि पराच्या वर जे पांढरे ठिपके असतात, ती प्रत्येक माशाची वेगळी नक्षी. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. तोच मासा पुन्हा कुठं दिसला तर त्यावरून ओळखता येतो. सोडलेला मासा पुढं जगतो का, हे कळायची तिच्याकडची सोपी वाट तेवढीच.

ती सुलभाकाकींच्या घरी राहते, माझीही सोय तिथंच. काकी साठीच्या पुढच्या, दीर सुरेशदादा गावच्या रापणीचा म्होरक्या. राहणं आणि दोन वेळचं जेवण गणपतीपुळ्याच्या साध्या लॉजपेक्षाही स्वस्त पडलं. जेवण तर विचारू नका! ओल्या काजूगरांची उसळ, मुळ्यांचं सुकं (आपण तिसऱ्या म्हणतो तेच ते शिंपले), तांदळाची भाकरी, सोलकढी. मी सोलकढी चौथ्यांदा मागितली तेव्हा काकी म्हणाल्या, "पी गो बाय, पी. कोल्हापुरात तुमास्नी नुसता रस्साच मिळतो."

आता रापण म्हणजे काय ते सांगते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि सगळ्या गावानं मिळून ओढायच्या. जे सापडेल त्याचे वाटे. म्हातारी माणसंसुद्धा दोरीला हात लावतात, वाटा चुकवायचा नाही म्हणून.

संध्याकाळी किनाऱ्यावर चालता चालता मृण्मयीनं मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. रापणीत व्हेल शार्क आला. हा मासा मारायचा नाही हे गावाला पक्कं माहीत. कायदा तर आहेच, पण इथल्या बायकांच्या लेखी ती माहेराला आलेली लेक. आणि लेकीला तशीच कशी पाठवायची? म्हणून जाळं ओढून तिला पार वाळूपर्यंत आणली. काकींनी हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ-तांदळांनी ओटी भरली. मग गावातल्या सगळ्या सवाष्णी एकेक करून पुढं आल्या. तोवर मासा वाळूवर. शेवटी दहाजणांनी ढकलून पाण्यात सोडला, टाळ्या वाजल्या, व्हिडिओ निघाले. दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या खडकांत मेलेला सापडला.

"पाण्याबाहेर त्यांना त्यांचंच वजन पेलत नाही गं, मावशी," मृण्मयी म्हणाली. "आणि फोटो शेकड्यानं आले. सगळ्यांत डावी बाजू कुंकवानं माखलेली. ठिपका एक दिसेल तर शपथ."

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या मायेनं मारलेला मासा मी तरी दुसरा ऐकला नाही.

त्या रात्री जेवायच्या आधी ओसरीवर चार बायका जमल्या होत्या. मृण्मयीनं हळूच विषय काढला. या वर्षी आला तर पाण्यातच सोडूया, ओटी नंतर समुद्राला भरूया. काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्यात माहेरवाशीन रिकाम्या ओटीनं जात नाय."

"काकी, पण वेळ लागला की तिला..."

"म्हंजे मी मारली तिला. असंच ना?"

काकींनी सूप उचललं आणि आत गेल्या. जेवताना माझ्या पानात सोलकढी एकदाच पडली, तीही न विचारता. मला त्या बाईचा राग आला आणि कीवही आली. मृण्मयीचं म्हणणं मान्य करायचं म्हणजे मागच्या वर्षीचं मरण आपल्या हातावर घ्यायचं. कोण घेईल सहजासहजी?

दुसरा दिवस मिरकरवाडा बंदरात गेला. मासळी बाजार बघायचा असेल तर सकाळी लवकर जा, जुन्या चपला घाला आणि नाकावर रुमाल धरून मिरवू नका, बायका टिंगल करतात. माझी केली. मृण्मयी होडीवाल्यांना साधे कॅमेरे वाटून त्यांनी पाठवलेले व्हिडिओ गोळा करत हिंडत होती. एका होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान, वैतागून म्हणाला, "ताई, हात दोनच हायत. एक जाळ्याला, एक होडीला. कॅमेरा काय दातात धरू?" ती म्हणाली, "चालेल, फक्त डाव्या बाजूला तोंड करा." सगळी होडी हसली. पण त्याच तांडेलानं मग जाळं कापून मासा सोडल्याचा व्हिडिओ दाखवला. फाटलेल्या जाळ्याची सरकारी भरपाई मिळते, पण जाळं विणायला लागणारे दिवस कोण भरून देणार? तरी ही माणसं कापतात. मला त्या बंदरात फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. मीही दोरीला हात लावला, सुरेशदादा म्हणाले, "वैनी, वाटा मिळंल, पन कंबर जाईल." अर्धं जाळं आलं असेल, तेवढ्यात होडीतल्या माणसानं दोन्ही हात वर करून ओरडायला सुरुवात केली. जाळ्याच्या आत पाणी काळं झालं होतं. मग ती पाठ वर आली. आई गं! आमच्या दुकानाच्या शटरपेक्षा लांब, आणि सगळ्या अंगभर पांढरे ठिपके.

"ओढू नका!" मृण्मयी पाण्यात धावली. "दादा, तिथंच थांबवा!"

सुरेशदादांनी हात वर केला, दोऱ्या थांबल्या. मासा किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, आमच्या कमरेइतक्या पाण्यात. एक पर जाळ्यात गुरफटला होता. मृण्मयीनं स्वतःचा फोन माझ्या हातात कोंबला. "मावशी, डावी बाजू! मी पर सोडवते." आणि मी, रंकाळ्यात मळमळणारी बाई, पंजाबी ड्रेससकट समुद्रात उतरले.

जाळ्यात बांगडा खच्चून भरला होता. मासा सोडायचा म्हणजे जाळ्याच्या वरची बोयांची तरंगती दोरी खाली दाबून जाळं उघडायचं, आणि सगळा बांगडाही त्याच वाटेनं जाणार. सुरेशदादा एकदा जाळ्याकडं बघत होते, एकदा किनाऱ्याकडं. किनाऱ्यावरून काकी येत होत्या. हातात सूप, सुपात नारळ, तांदूळ, खण. उजव्या हाताची बोटं कुंकवात बुडवलेली. त्यांच्या मागं बायका.

मला वाटलं, झालं. संपलं.

काकी नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरल्या, नेमक्या डाव्या बाजूला. हात पुढं केला. मृण्मयी जाळ्यात अडकलेली, तिला हलताही येईना. ती फक्त "काकी..." एवढंच म्हणाली, आणि ती हाक अशी होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काकींचा हात माशापासून वीतभर अंतरावर थांबला. त्या कल्ल्यांकडं बघत होत्या. कल्ले उघडत होते, मिटत होते, सावकाश, आजारी माणसाच्या छातीसारखे. काकी बघत राहिल्या. मग त्यांनी कुंकवाची बोटं स्वतःच्याच लुगड्याला पुसली आणि अशा ओरडल्या की गाव हादरावं, "सुरेश, बघतंस काय? सोड तिला! आदी सोड!"

दोरी दाबली गेली. पर मोकळा झाला. माशानं शेपटी एकदा हलवली, मी पाण्यात बसकण मारली, आणि तो जाळ्यावरून निघून गेला. त्याच्या मागोमाग सगळा बांगडा. किनाऱ्यावर कुणीतरी "गेला रं वाटा!" म्हणून उसासा टाकला, त्याला दहाजणींनी गप्प केलं. काकी छातीभर पाण्यात गेल्या आणि सुपातलं सगळं समुद्रात सोडून हात जोडून उभ्या राहिल्या.

मृण्मयी दमून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून कुजबुजली, "मावशी, नर होता. काकींना सांगू नकोस."

मी काढलेल्या फोटोंत आभाळ होतं, माझा अंगठा होता, सुरेशदादांची लुंगी होती. पण एकात डावी बाजू होती. वाकडी, पण स्वच्छ. पोरीनं भर किनाऱ्यावर माझा मुका घेतला.

संध्याकाळी काकींनी तिला एकच विचारलं, "जगंल का गो ती?" मृण्मयी खोटं बोलत नाही. म्हणाली, "माहीत नाही, काकी." काकी मान हलवून चुलीकडं वळल्या. निघताना त्यांनी मला कोकमं बांधून दिली, पण लक्ष त्यांचं सगळं समुद्राकडं होतं.

कोल्हापूरला आले तेव्हा अंगावर उन्हाचा डाग आणि कंबरेत उसण होती. लोक विचारतात, एवढं जाऊन काय बघितलंस? मासा तर जेमतेम काही मिनिटं दिसला. पण मला अजून आठवतं ते काकींचं लुगड्याला बोटं पुसणं. आयुष्यभर जे बरोबर म्हणून केलं, ते सगळ्या गावादेखत थांबवायला काय लागत असेल! मी तर भाजीतलं मीठ जास्त झालं हेही कबूल करत नाही.

मे महिना सरता सरता दुकानात गर्दीच्या वेळी मृण्मयीचा फोन आला. केळशीकडच्या एका होडीवाल्यानं जाळं कापून व्हेल शार्क सोडला होता आणि व्हिडिओ पाठवला होता. डावी बाजू दिसत होती. तिनं माझ्या वाकड्या फोटोशी ठिपके ताडून पाहिले. तोच मासा होता. चांगला धडधाकट पोहत होता. मी अशी किंचाळले की गिऱ्हाईक घाबरून बाजूला झालं.

"काकींना सांगितलंस?"

"आत्ता सांगते. तू फोनवर थांब."

फोन स्पीकरवर होता. मला काकींचा आवाज आला. "तीच? दुसरी कुठली नाय?"

"तीच, काकी. ठिपके तंतोतंत जुळले. तुम्ही त्या दिवशी कुंकू लावलं असतंत, तर हे कधी कळलंच नसतं."

फोनमधून समुद्राची गाज ऐकू येत होती. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळली होती, पण मी जागची हलले नाही.

मग काकी म्हणाल्या, "मागल्या वर्षीची माझ्याच हातानं गेली, मृण्मयी. मला ठावं होतं गो. तवाच ठावं होतं." त्यांचा आवाज फुटला. "पन ही जगली."

"जगली, काकी," मृण्मयी म्हणाली.