ब्रेकखालचा नारळ

“आई, नारळ! ब्रेकखाली नारळ आलाय!” प्रकाश ओरडला, तेव्हा आमची गाडी पिंपळगाव सोडून चांदवडकडे धावत होती. उजवीकडून एक लांबलचक कंटेनर चालला होता. स्टेअरिंग माझ्या मुलाच्या हातांत असं थरथरत होतं, की त्याची मनगटंही हलत होती. मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेल्या सुनेनं, मनीषानं, बाळाला छातीशी दाबून धरलं. मी वाकून पुढच्या सीटखाली हात घातला, पण पोचेना. माझ्या मांडीवर देवीची ओटी होती. तिच्यातला नारळ हादऱ्यानं सुटून सीटखालून थेट पुढं गेला होता. अशा वेळी मी रेणुकामातेचं नाव घेतलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं तर तोंडातून “मेलो” एवढंच निघालं.

प्रकाशनं टाचेनं नारळ ढकलला, हळूहळू ब्रेक दाबला आणि गाडी कडेच्या मातीत नेऊन उभी केली. मग तो माझ्यावर चिडला. “एक नारळ धरता येत नाही का तुला?” मी म्हटलं, “तुझी गाडी मला धरता येत नाही, नारळाचं काय सांगतोस?” माझी कवळीसुद्धा हादऱ्यानं वाजायला लागली होती. म्हणून ती मी ओझरलाच काढून रुमालात बांधली होती.

हादरे ओझरपासूनच सुरू झाले होते. आधी प्रकाश म्हणाला, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला लागला तरी गाडी हलतच राहिली. मग म्हणाला, चाकांचं बॅलन्सिंग गेलं असेल, दसऱ्याला गॅरेज उघडी नसतात, परत आल्यावर करून घेऊ. मी दोनदा थांब म्हटलं. पण तो सातपूरच्या कंपनीत मशिनवर काम करतो, त्यामुळे यंत्रातलं आईला काय कळतं, असं त्याचं मत आहे. ते खरंही आहे. मी चौथीपर्यंत शिकले, आणि गाडीतलं मला फक्त दार उघडता येतं. मनीषाला मुलगा उशिरा झाला. दोनदा दिवस राहून गेले होते. म्हणून बाळाला चांदवडच्या कुलदेवीच्या पायावर घालायचं आणि त्याला आयुष्य मागायचं, असं मी ठरवलं होतं. त्या बाळाला घेऊन आम्ही त्या गाडीत बसलो होतो.

आम्ही थांबतो न थांबतो तोच मागून टोमॅटोच्या क्रेटची पिकअप येऊन उभी राहिली. झेंडूचा हार घातलेली. एक माणूस उतरला, शेजारी त्याची बायको बसलेली. “दादा, किती हॉर्न मारायचे? लय लांबून मागं लागलोय तुमच्या!” तो म्हणाला. “तुमचं पुढचं डावं चाक नाचतंय.” प्रकाशला वाटलं होतं, तो पुढं जायला घाई करतोय.

प्रकाश चाकाजवळ बसला. एक नट पडून गेला होता. बाकीचे तीन त्यानं बोटानं फिरवले आणि ते फिरले. त्याचा चेहरा मी पाहिला. तो खालीच बसून राहिला. “बॅलन्सिंग असतं तर हळू चालवल्यावर थरथर थांबली असती,” तो म्हणाला. “ही थांबत नव्हती. मला कळायला हवं होतं.”

मग त्याला सकाळचं सगळं आठवलं. चिखल काढायला त्यानं चाकं उतरवली होती. परत बसवून नट हलके आवळले. गाडी जॅकवरून उतरवल्यावर पान्यानं शेवटचा पीळ द्यायचा असतो. तीन चाकांना दिला, चौथं राहिलं. तेवढ्यात मी दसऱ्याच्या पूजेला हाक मारली. पाना, जॅक, हातोडी सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. आमच्याकडे पूजेत ठेवलेलं अवजार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलत नाहीत. हा नियम माझ्या सासूचा, आणि घरात तो मीच चालवते. “पाना आहे का?” त्या माणसानं विचारलं. “आहे,” प्रकाश म्हणाला. “देवघरात.”

तो माणूस मोठ्यानं हसला. त्याची बायको पिकअपमधून म्हणाली, “हसताय काय, आपला द्या की!” त्याच्या पान्यालाही कुंकू लागलेलं होतं, दांड्याला झेंडूचं फूल बांधलेलं होतं. मी म्हटलं, “अहो, आज तो उचलायचा नसतो.” तो म्हणाला, “मावशी, सकाळी फुकट कुंकू लावून घेतलंय का त्यानं? आता करू दे काम.” आणि तिन्ही नट त्यानं घट्ट आवळले. “तीनवर हळूहळू जा, दादा. घाई नाय करायची,” म्हणाला. नाव विचारायच्या आत तो निघून गेला.

चांदवडपर्यंत गाडी अगदी शांत चालली. बाळ झोपलं. नंतर नाशिकला घरी परतल्यावर मेकॅनिकनं त्या चाकाचे बोल्ट आणि नट बदलून दिले. पडलेल्या नटाची जागा झिजली होती. आणखी थोडं गेला असतात तर चाकच निघालं असतं, असं तो म्हणाला.

त्या दिवशी चांदवडला देवळाच्या पायरीशी मनीषा म्हणाली, “आई, नारळाला पाय लागलाय, दुसरा घेऊ या का?” एरवी मीच तसं म्हटलं असतं. पण मी तोच ओटीत घातला. त्याला पाय लागला नसता तर प्रकाश थांबलाच नसता. नारळ गोल असतो, गाडी हलली की घरंगळणारच, हे मलाही कळतं. मी त्यावर वाद घालत नाही. बाळाला पायावर घातलं आणि काय मागायचं ते सुचेना. जे मागायला आले होते ते रस्त्यातच मिळालं होतं. नुसती हात जोडून उभी राहिले. मागची बाई म्हणाली, “आजी, सरका की पुढं.” सरकले.

मी आयुष्यभर देवीला नियमात बांधून ठेवलं. ती त्याच नियमातला पाना उचलून आली. आता आमच्याकडे आधी नट आवळतात, मग पूजा होते. आणि देवीपुढं मी मागणं कमी केलंय, तिला कळतं तिचं.

त्या गाडीत आम्ही चौघं होतो. प्रकाश, मनीषा, बाळ आणि मी. चौघंही आहोत.