एअरबॅगचा विझलेला दिवा

गाडीची चावी फिरवली की समोरच्या काट्यांमध्ये एक छोटा दिवा लागतो. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीसमोर फुगा, असं त्याचं चित्र. गाडी आपली एअरबॅग तपासून घेते आणि सगळं ठीक असलं की काही क्षणांत दिवा विझतो. नाही विझला तर कुठेतरी बिघाड आहे. उभं आयुष्य मी गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं आणि गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, की दिवा विझला, आता काळजी नको.

हे बोलणं खोटं ठरेल अशी एक गाडी मी स्वतःच्या हातांनी रस्त्यावर सोडली. तिचा दोष दुसऱ्याच्या माथी बसला. ज्याच्या माथी बसला त्याला मी तोंडाने सांगून पाहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून आता लिहितो आहे.

गाडी माझ्या मित्राची होती. आमच्या उमेळे गावात त्याची वाडी आणि आमची वाडी लागून. एकाच विहिरीचं पाणी दोघांच्या केळींना जायचं, त्यामुळे भांडणंही भरपूर झाली आणि मैत्रीही टिकली. ते ख्रिस्ती, घरात त्यांची बोली वेगळी, पण माझ्याशी तो माझ्यासारखंच बोलायचा. नोकरीतून सुटल्यावर त्याने जुनी गाडी घेतली. फादरांनी येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. वहिनींनी यात्रेहून आणलेली मरियामातेची वीतभर मूर्ती त्याने डॅशबोर्डवर चिकटवली, डाव्या बाजूला, वहिनींच्या सीटसमोर. आमच्याकडे सगळेच तसं करतात. कोणाचा गणपती असतो, कोणाची मरियामाता. ती सपाट जागा देव्हाऱ्यासाठीच ठेवली आहे असं वाटतं. ती जागा म्हणजे डाव्या एअरबॅगचं झाकण आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

एका पावसाळ्यानंतर दिवा विझेनासा झाला. माझं गॅरेज तेव्हा कामणला, गोदामांच्या रांगेत होतं. तो गाडी घेऊन आला, वहिनी आल्या नव्हत्या. मशीन लावलं तर डाव्या बाजूच्या एअरबॅगचा दोष दाखवत होतं. बॅटरीची वायर काढून मी थोडा वेळ थांबलो, कारण आत उरलेल्या विजेवरही एअरबॅग उडू शकते. मग समोरचा कप्पा उतरवला. एअरबॅगच्या वायरींचे जोड पिवळे असतात, म्हणजे कोणी चुकून हात लावू नये. तो जोड सोडवला, साफ केला, परत बसवला. दिवा तसाच.

पुढची तपासणी ठरलेली असते. एअरबॅगला थेट मीटर लावायचा नसतो, लावला तर ती तोंडावर फुटू शकते. तिच्या जागी तेवढ्याच रोधाचा एक बारका रेझिस्टर लावायचा. गाडीला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. तरीही दिवा लागलेलाच राहिला तर वायर खराब, आणि विझला तर एअरबॅग खराब. मी रेझिस्टर लावला, टेप गुंडाळली, चावी फिरवली. दिवा विझला.

"एअरबॅगच गेलीय," मी म्हणालो. "नवी बसवावी लागेल. ती झाकणासकट येते."

"झाकण म्हणजे कुठलं?"

मी मरियामातेच्या पायाशी बोट ठेवलं.

तो हसायला लागला. "हिला काढायच्या आधी बायको मला गाडीतून काढेल."

"अरे, चालू एअरबॅग उघडली तर ही मूर्ती गोळीसारखी वहिनींच्या तोंडावर जाईल. काढायलाच हवी."

"मग बिघडलीय तेच बरं म्हणायचं."

"तसं नसतं रे."

"फादरांनी पाणी शिंपडलंय गाडीवर. जरा सण होऊ दे. मग बायकोची समजूत घालतो आणि गाडी घेऊन येतो." त्याने काट्यांकडे पाहिलं. "आणि हा तर विझला की."

"विझला," मी म्हणालो.

बाहेर एक ट्रकवाला मला हाका मारत होता. मी कप्पा परत बसवला. रेझिस्टर आतच राहिला. तो काढला असता तर दिवा लागला असता, वहिनी घाबरल्या असत्या, त्या दोघांत वाद झाला असता. सणापर्यंत राहू दे, असं मी मनाशी म्हटलं. पण आता धडक झाली तर त्या झाकणामागे काहीही होणार नाही, आणि दिवा ते सांगणारही नाही, हे मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही. मूर्ती जागेवर राहिली होती आणि दिवा विझला होता. सगळ्यांची सोय झाली होती.

सण झाला. तो आला नाही आणि मीही विचारलं नाही. गल्लीत गाडी दिसली की आठवण व्हायची. गाडी नजरेआड झाली की आठवणही जायची. पुढे झोपेतच त्याचं हृदय थांबलं. आमच्यात काय बोलणं झालं होतं हे माहीत असलेला दुसरा माणूस गेला.

गाडी मुलाकडे आली. एका रविवारी मी विहिरीकडे चाललो होतो, तर तो अंगणात गाडीत उताणा पडून म्युझिक सिस्टिम लावत होता. समोरचा कप्पा त्याने खाली उतरवला होता.

"काका, ही पिवळी वायर कसली?"

मी वाकून पाहिलं. माझी टेप तशीच होती.

"एअरबॅगची. तिला हात लावू नकोस," मी म्हणालो आणि पुढे गेलो.

सगळं सांगायला एवढी उघडी संधी मला पुन्हा मिळाली नाही. त्याचे वडील जाऊन थोडेच दिवस झाले होते, अंगणात पाहुणे होते, ही कारणं मी पुढे शोधली. त्या क्षणी मला फक्त तिथून निघायचं होतं.

अपघात आगाशीहून लग्न आटोपून येताना झाला. पुढचा टेम्पो एकदम थांबला. मुलगा चालवत होता, त्याची एअरबॅग उघडली आणि त्याला साधं खरचटलं. वहिनींची उघडली नाही. पट्टा लावलेला होता तरी त्यांचा चेहरा मूर्तीवर आपटला. एक डोळा कायमचा गेला.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये नातेवाईक जमले होते. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. वहिनींचा भाऊ मला म्हणाला, "तुम्ही जाणकार. याने गाणी लावायला वायरी उचकटल्या, त्यात एअरबॅगची निघाली असेल काय?"

उत्तर मला तिथल्या तिथे ठाऊक होतं. वायर निघाली असती तर दिवा पेटून राहिला असता. म्युझिक लावल्यानंतर दिवा लागला होता का, एवढं एकच विचारायला हवं होतं. 'नव्हता' असं उत्तर आलं असतं, म्हणजे पोराच्या हातून काही झालेलं नाही. मग पुढचा प्रश्न निघाला असता, की एअरबॅग बिघडलेली असताना दिवा विझलेला कसा. त्याचं उत्तर माझ्यापर्यंत आलं असतं.

"असू शकतं," मी म्हणालो.

मुलाने मान खाली घातली. ती त्याने पुन्हा नीट वर केलीच नाही असं मला वाटतं. त्याची बोटीवरची नोकरी ठरत आली होती, ती त्याने सोडली. आता कामणच्याच एका गोदामात आहे, बसने जातो. स्टिअरिंगला हात लावत नाही. दर रविवारी आईला रिक्षाने चर्चमध्ये मिस्साला नेतो, उतरताना तिचा पाय पायरीवर नीट पडावा म्हणून आधी स्वतः उतरून उभा राहतो.

गाडी भंगारात गेली. तिचे तुकडे व्हायच्या आधी मी एकदा भंगारवाल्याकडे गेलो होतो. कप्पा उघडून ती टेप काढून घ्यावी, असं मनात होतं. पोचलो तेव्हा पुढचा भाग दाबून झाला होता. मला हायसं वाटलं, हेही लिहायला हवं. त्या जागी आता गोदाम आहे. आज तो टेप गुंडाळलेला तुकडा मिळाला असता तर मी मुलाच्या पुढ्यात ठेवला असता.

यंदा गुडघ्यांनी जिने बंद केले आणि डॉक्टरांनी छातीचं काहीबाही सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा पडवीत होता, वहिनी आत चहा ठेवत होत्या. मी सगळं सांगितलं. पाऊस, दिवा, मूर्ती, रेझिस्टर, त्याचे वडील काय म्हणाले, मी काय म्हणालो. दाखवायला घरून एक रेझिस्टर नेला होता, तो त्याच्या हातावर ठेवला.

त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि मला परत दिला.

"काका, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे सांगताय."

"नाही रे. तू बघितली होतीस ना ती टेप?"

"टेपबिप काही आठवत नाही. तुम्ही म्हणाला होतात, हात लावू नकोस. ते आठवतं. आणि मी लावला. कप्पा बसत नव्हता तेव्हा ती वायर मी ओढली."

"ओढली असशील. पण निघाली असती तर दिवा लागला असता. तूच सांग, लागला होता का?"

हा प्रश्न मी हॉस्पिटलमध्ये गिळला होता. आता विचारला.

"लागला होता," तो म्हणाला. "रोज दिसायचा. मीच दुर्लक्ष केलं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तो दिवा खरोखरच दिसत होता. इतकी वर्षं रात्रंदिवस मनाने त्या गाडीत बसून त्याने तो स्वतःच लावला होता. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तसा दिवा लागणं शक्यच नव्हतं, रेझिस्टर असताना नाही, असं सांगितलं. आणि वायर निघाली असती तरी एअरबॅग आधीच गेलेली होती, हेही सांगितलं. लहान मुलाच्या हट्टाला मान डोलवावी तशी तो मान डोलवत राहिला.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्या आता आधी बोटाने स्टुलाची कड चाचपतात.

"काय भावोजी, वकिली करायला आलात वाटतं याची?" त्या म्हणाल्या. "आतून ऐकलं मी. तुमचा मित्र असाच होता, दुसऱ्याचं ओझं उचलायला पुढे."

"वहिनी, हे माझंच आहे."

"असू दे. पोटच्या पोराला मी केव्हाच क्षमा केलीय. गाणी लावायची हौस, वयच तसं होतं. आता कशाला उकरायचं?"

मुलगा खाली बघून हसला. जी चूक त्याने केलीच नाही तिची त्याला रोज क्षमा मिळते आहे.

चहा मी प्यालो. निघताना त्याने माझा कोपर धरला, पडवीच्या पायऱ्या उतरवून दिल्या आणि रिक्षा येईपर्यंत सोबत उभा राहिला. रिक्षावाल्याला म्हणाला, "सावकाश ने, काकांची तब्येत बरी नाही."