हिरकणी कक्षाला सील

आमच्या ऑफिसातल्या एका तान्ह्या लेकराच्या आईला मी कंटेनरमध्ये कोंडलं आणि बाहेरून सील ठोकलं. भरदुपारी, पूर्ण शुद्धीत.

उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात मी बावीस वर्षं काढली आहेत. आमच्या धंद्यात उघडं दार म्हणजे पाप. दिसलं की लोटायचं, दांडा फिरवायचा, खिशातलं सील घालून दाबायचं. ते ‘टक्’ वाजलं की मग कापल्याशिवाय निघत नाही. घरातलं कपाटसुद्धा मी असंच लावतो आणि मग खिसे चाचपतो, असं बायको म्हणते.

तर ही मुलगी आमच्याकडे कागदपत्रांच्या टेबलावर. जवळच्याच गावातल्या मिठागरवाल्यांची सून. कामाला इतकी पक्की, की तिच्या हाताखालून गेलेला कागद कधी परत आला नाही. रजा संपवून, सहा महिन्यांचं बाळ सासूकडे ठेवून ती कामावर आली, आणि आठवड्याभरात राजीनामा घेऊन समोर उभी.

“का गं? पगार कमी पडतो?”

“पगार नाही साहेब, जागा कमी पडते.”

“मग मोठं टेबल देतो की!”

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सगळं सांगितलं. दिवसातून दोनदा दूध काढावं लागतं. नाही काढलं तर छाती दगडासारखी होते, ताप भरतो. ऑफिसला संडास एकच, बाहेर ड्रायव्हर लोकांची रांग, दर दोन मिनिटांनी दारावर थाप. निघेल तेवढं तिथंच ओतून द्यायचं. आणि घरी बाळ वरच्या दुधाला तोंड लावत नव्हतं. नोकरी ठेवायची की बाळाचं दूध, एवढाच प्रश्न उरला होता.

मी दोन पोरांचा बाप. पण हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे बायकोनं सांगितलं असणार, मी ऐकलं नसणार.

“आठ दिवस दे,” मी म्हणालो.

चार दिवसांत काम फत्ते. मोडीतला एक कंटेनर ऑफिसच्या मागे आणून ठेवला. खिडकी कापली, जाळी लावली. आत पडदा, पंखा, खुर्ची, छोटा फ्रीज. पेंटरकडून झोकात लिहून घेतलं : हिरकणी कक्ष. आपण रायगडवाले, हे नाव आपण नाही लावायचं तर कुणी? आल्यागेल्या प्रत्येकाला मी तो डबा दाखवला. आतून कडी कुठाय, असं एकानंही विचारलं नाही. सगळे पुरुषच होते. आणि कंटेनरला आतून कडी नसतेच. आत माल असतो, मालाला कशाला दार लावून घ्यायचं असतं!

ती बिचारी दार अर्धवट ओढून पडद्याआड बसायची. एक वाजता सासू रिक्षानं गेटवर यायची, मासळीची बर्फाची पेटी लख्ख घासून, आणि बाटली घेऊन जायची.

तिसऱ्या दिवशी मी फोनवर कुणावर तरी खेकसत मागून चाललो होतो. दार उघडं दिसलं. हाताला काही डोकं नसतं. लोटलं, दांडा फिरवला, टक्.

“साहेब!” खिडकीतून आवाज आला. “मी आत आहे!”

“का?” मी विचारलं.

“दुबईला चाललेय!”

सील कापायचं कटर ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला. वीस मिनिटं मी खिडकीखाली उन्हात उभा राहून माफी मागत होतो. आतून पंखा आणि दुधाचा पंप, दोघांची घरघर.

“साहेब, तुम्ही जरा गप्प बसा ना,” शेवटी ती म्हणाली. “हिरकणीला उतरायला कडा तरी होता. मला निदान शांतता द्या.”

सील तुटलं. ती बाहेर आली ती घामेघूम, हातात काठोकाठ भरलेली बाटली. आता ही जाणार, मी धरून चाललो.

“इतका वेळ कुणी दार वाजवलं नाही,” ती म्हणाली. “पहिल्यांदा पुरतं दूध निघालं. आजच्या आज आतून कडी लावा, मग माझा राजीनामा फाडा. आधी कडी.”

वेल्डरला बोलावणं धाडलं आणि प्रायश्चित्त म्हणून बाटली घेऊन मी स्वतः गेटवर गेलो. सासू ताटकळलेली.

“यवढा उशीर?”

“मावशी, चूक माझी,” म्हणत मी सगळं सांगून टाकलं. खरं बोललं की माणूस विरघळतं, असा माझा समज.

मावशीनं बाटली बर्फात खोचली, झाकण लावलं, मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

“तू ल्हानपनी वरच्या दुधावर वाढलायस वाटतं.”