मिठाचा जिना

माझ्या तोंडून न निघालेली गोष्ट वर्ध्यात शोधूनही सापडायची नाही, असं लोक म्हणतात. एक आहे. बायकोला माहीत नाही, सख्ख्या भावाला माहीत नाही, आणि ज्याला माहीत असायला हवी त्याला तर मुळीच नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुम्हाला सांगतो आहे — की तुम्ही समोर नाही म्हणून? समोर असता तर मी हीसुद्धा रंगवून सांगितली असती, आणि तुम्ही हसत हसत घरी गेला असता.

माझं साड्यांचं दुकान आहे. गादीवर बसून एका झटक्यात पदर उलगडायचा आणि म्हणायचं, ‘ताई, हा पीस नागपुरातही मिळणार नाही.’ नागपुरात तो गठ्ठ्यानं पडलेला असतो. ताईंनाही ते ठाऊक असतं. पण सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसण्यात एक मजा असते, आणि ती फुकट असते. मला ती देता येते. देवानं मला एवढं एकच दिलं आणि भरभरून दिलं.

याच गुणावर आमची रविवारची मंडळी जमली. दुकानाच्या वर गोदाम आहे. तिथे परकराच्या पांढऱ्या कापडाचा पडदा टांगून आम्ही दुपारी सिनेमे पाहतो. साधेसुधे नाहीत. माणूस कपाटात शिरतो आणि विहिरीतून निघतो, बाई जेवता जेवता पक्षी होते आणि पंगतीतलं कुणी मान वर करत नाही — असले. अर्थ लागला की आमच्याकडे सिनेमाची किंमत उतरते. सावंगीला नोकरी करणारा एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले काका, समुद्रपूरच्या शाळेत चित्रकला शिकवणारा विलास, आणि मी. सिनेमा संपला की भांडण सुरू. काका म्हणणार, घोडा म्हणजे मृत्यू. डॉक्टर म्हणणार, घोडा म्हणजे घोडा. मग सगळे माझ्याकडे पाहणार. मी शेंगदाणा तोंडात टाकून जरा थांबणार आणि म्हणणार, ‘याच दिग्दर्शकाचा आधीचा पाहिला का?’ झालं. निकाल लागला.

आमच्यात एक रीत होती. ती कुणी ठरवली नव्हती, पण सगळे पाळायचे. एखादा सिनेमा पाहिलेला नसला तर ‘पाहिला नाही’ म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘परत पाहावा लागेल.’ काकांनी अर्धे जागतिक सिनेमे असे परत पाहायचे ठेवले आहेत. मीही ठेवले आहेत. विलासला मात्र ही रीत कधी जमलीच नाही. एस.टी.नं धुळीत यायचा, कोपऱ्यात बसायचा आणि सरळ म्हणायचा, ‘नाई पाह्यला, भाऊ. सांगा नं.’ मला त्याच्याइतका चांगला श्रोता दुसरा मिळाला नाही.

मी लांबवतो आहे. कळतंय मला.

एका रविवारी विलासनं स्वतःची फिल्म आणली. मोबाइलवर काढलेली, वीसेक मिनिटांची. कापूस निघून गेलेलं शेत. मधोमध कापूस तोलायचा काटा आणि त्याच्यापाशी विलासचे वडील. गावातला एकेक माणूस येतो, रिकाम्या पोत्यात तोंड घालून आपलं नाव सांगतो. लगेच पोत्याचं तोंड बांधतात आणि ते तोलतात. कुणाचं नाव किलोभर भरतं, कुणाचं क्विंटलभर. गावच्या पुढाऱ्याचं इतकं हलकं की काटा जागचा हलत नाही — तिथे आम्ही गडगडाटी हसलो. शेवटी एक म्हातारी येते. पोत्यात तोंड घालते आणि काहीच बोलत नाही. थांबते. तसंच पोतं बांधतात. आणि ते चार माणसांना उचलत नाही.

ती म्हातारी म्हणजे विलासची आई. तिला नावं आठवेनाशी झाली होती — आधी शेजाऱ्यांची, मग नातवंडांची. ‘पोत्यात तुझं नाव सांग,’ एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं. ती गप्प राहिली ते नाटक नव्हतं.

फिल्म फार चांगली होती. हे मी तुम्हाला खरं सांगतो आहे. इतकी वर्षं मी लोकांना ज्या प्रकारचे सिनेमे सांगत आलो, तसला एक माझ्या परकराच्या पडद्यावर समुद्रपूरहून आला होता, आणि तो मी केलेला नव्हता. मी कधी काहीच केलेलं नव्हतं. डॉक्टर उठला आणि विलासचे खांदे धरून म्हणाला, ‘अबे, या पडद्यावर असं आजवर काई आलं नाई!’ काका डोळे पुसत होते. नागपूरला कुठलासा छोटा महोत्सव होता, तिथे पाठवायचं म्हणून सगळे एकदम बोलू लागले. विलासकडे पाहून बोलू लागले. माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं.

नाही — एक जण पाहत होता. विलासच. ‘भाऊ, तुमी सांगा नं. तुमी बोलल्याशिवाय मले काई खरं वाटत नाई.’

तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. समोर ताटलीत खारे शेंगदाणे होते आणि त्यांच्यामागे खाली उतरणारा गोदामाचा जिना. मी एक शेंगदाणा तोंडात टाकला, जरा थांबलो आणि म्हणालो, ‘छान आहे. पण विलास, लेका, “मिठाचा जिना” पाहून इतकं तसंच्या तसं उतरवायचं नसतं.’

असा सिनेमा नाही. कधीच नव्हता. मी मात्र तो सांगत गेलो. जुना, काळापांढरा, हंगेरीचा. मिठाची खाण. खाणीतले मजूर पोत्यांत आपली नावं बोलतात, पोती तोलली जातात. शेवटी मुकी म्हातारी आणि तिचं न उचलणारं पोतं. दिग्दर्शकाचं नावसुद्धा ठोकून दिलं. आवाज कुठेही अडखळला नाही. पदर उलगडावा तसा तो सिनेमा माझ्या हातातून उलगडत गेला — आणि मला मजा येत होती. ही मजा मी लपवू शकलो असतो, पण मग हे सांगण्यात अर्थ काय?

‘हा मी नाई पाह्यला, भाऊ,’ विलास म्हणाला.

काका म्हणाले, ‘हो, हो... तो पोत्याचा सीन. गाजलेला आहे. परत पाहावा लागेल.’ डॉक्टरनं विलासच्या खांद्यावरचा हात काढला. ‘मलेही वाटलंच होतं,’ तो म्हणाला, ‘कुठंतरी पाह्यल्यासारखं.’

त्या दोघांपैकी कुणी ‘असा सिनेमा ऐकला नाही’ म्हणालं असतं, तर मी टाळी देऊन म्हणालो असतो, ‘कसं फसवलं!’ — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे. मी त्या सिनेमाला एखादं पारितोषिक जोडलं असतं.

विलासनं मोबाइल खिशात ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आमची रीत पाळली, पण ती आमच्यासारखी नाही. त्यानं ती खरी मानून पाळली. ‘मंग पाह्यला असन मी,’ तो म्हणाला. ‘इथंच पाह्यला असन कवातरी. डोक्यात राह्यला असन.’ आणि त्यानं आमची माफी मागितली. नागपूरला काही पाठवलं नाही. फिल्म पुसून टाकली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती एक जळकुट्या माणसाची थाप ठरली असती. पण काही दिवसांनी तो दुकानात आला. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभा राहिला. मग गादीच्या काठावर टेकून हळूच म्हणाला, ‘भाऊ, तो सिनेमा पाह्यल्याचं मले काईच आठवत नाई. एक सीन नाई. लई ताण देऊन पाह्यला.’ मग म्हणाला, ‘आईचं असंच सुरू झालतं.’

माझ्या हातात एक उलगडलेली साडी होती. मी तिची घडी घालू लागलो. ‘असा सिनेमा नाहीच, विलास’ — एवढं म्हणायला घडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचा वेळही लागला नसता. मी म्हणालो, ‘होतं रे असं वयानं.’ तेव्हा तो चाळिशीत होता.

त्यानं तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. ‘आईचंबी सुरुवातीले नव्हतं निघालं,’ म्हणाला. आता तो रविवारी एस.टी.त बसला की वर्गातल्या पोरांची नावं हजेरीसारखी म्हणत येतो. स्टँडवर उतरतानासुद्धा ओठ हलत असतात. एक नाव अडलं की त्याचा दिवस जातो. चित्रं काढणं त्यानं सोडलं. हाताला जे सुचतं ते आपलंच आहे याची खात्री वाटत नाही, असं म्हणतो. आई गेली तेव्हा तिला जाळून आल्यावर त्यानं मला विचारलं, ‘माझ्यात किती वर्षांनी दिसन, भाऊ?’

मी काय बोललो? विनोद केला. तो हसलासुद्धा.

इकडे ‘मिठाचा जिना’ आमच्यात चांगला रुजला आहे. नव्या माणसाला आधी त्याचीच शिफारस होते. काकांनी त्यात एक आंधळा घोडा घातला आहे आणि त्याच्या अर्थावरून ते डॉक्टरशी भांडतात. डॉक्टर शेवट बदलून सांगतो. कुठे मिळत नाही, म्हणून त्याची किंमत आणखी वाढली आहे. विलास कोपऱ्यात बसून सगळं ऐकतो आणि नव्या माणसाला सांगतो, ‘मी चोरलता त्यातला सीन.’

परवा त्याचा फोन आला. शाळेतल्या एका नव्या मॅडमना असल्या सिनेमांची आवड होती, त्यांना त्यानं हाच सुचवला होता. ‘भाऊ, डायरेक्टरचं नाव काय होतं?’ मला आठवेना. ठोकून दिलेलं नाव कोण लक्षात ठेवतं? मी दुसरंच एक सांगितलं.

ते नाव त्यानं एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाला, ‘मले तं वेगळंच आठवत होतं,’ आणि एक नाव घेतलं. ते कानावर पडताच मला ओळखू आलं. त्या रविवारी मी तेच सांगितलं होतं, अक्षरन् अक्षर तेच.

‘नाही रे,’ मी म्हणालो. ‘तू विसरलास.’

‘हो नं,’ विलास म्हणाला. ‘बरं झालं इचारलं, भाऊ.’