दोन लुगड्यांवरची घूस

“आई गेली. झोपेतच... मुदखेडलाच,” लातूरहून दादाचा फोन आला. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ते महिन्यानंतर उघड लिहिते: बरं झालं, मुदखेडलाच! कोणाला राग यायचा तर येवो.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आत्या मुदखेडला मोगऱ्याच्या बागेतल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. घुशी मोगऱ्याची मुळं कुरतडायच्या आणि आत्या ओट्यावर बसून छऱ्याच्या बंदुकीने त्यांना टिपायची. विषाच्या गोळ्या तिने कधी आणल्या नाहीत. घूस विष खाणार, घुबड त्या घुशीला खाणार, मग घुबडही मरणार. हेच मी गावोगाव पत्रकं वाटून ओरडत असते. दुकानदार हसतात आणि विष विकतात. आत्याला पत्रकाची गरजच नव्हती. “तडफडणारी घूस बघवत न्हाई. मारायची तर एका छऱ्यात, न्हाई तर बंदूक खाली,” एवढाच तिचा कायदा.

त्यासाठी अंतर नीट कळायला हवं, कारण लांब जाताना छर्रा खाली येतो. आत्याचं माप होतं लुगडं. ओट्यापासून बागेच्या टोकापर्यंत तार ताणलेली. तिच्यावर धुतलेली लुगडी पूर्ण लांबीने, टोकाला टोक लावून वाळत घातलेली. दुसऱ्या लुगड्याच्या टोकाशी घूस असली की थेट नेम. तिसऱ्याच्या टोकाशी असली की बोटभर वर. त्यापलीकडे... जाऊ दे तिला.

मागच्या हिवाळ्यात नेम चुकायला लागला. छर्रे घुशीच्या पाठीवरून जायचे. दादा आला, त्याने बघितलं आणि निकालच दिला, “आई, डोळे गेले तुझे. बंदूक दे अन् चल लातूरला.” काळजी काळजी म्हणतात ती हीच! म्हाताऱ्या माणसाला सामानासारखं उचलायचं. मी दादाशी तावातावाने भांडले, पण आत्याच खचली होती. “त्याचं खरं हाय गं. मलाच भरवसा राहिला न्हाई,” म्हणाली आणि ट्रंक भरायला बसली.

तारेवरचे कपडे काढायला मी गेले. घडी घालताना हाताला फरक कळला. गुडघे दुखतात म्हणून आत्या दिवाळीपासून सहावारी नेसत होती! तीन सहावारी म्हणजे दोनच नऊवारी. तिसऱ्या साडीच्या टोकाशी घूस दिसली की आत्या सवयीने नेम वर धरायची, आणि घूस असायची थेट नेमाच्या अंतरावर.

मी ट्रंकेतली जुनी नऊवारी लुगडी काढून तारेवर घातली आणि दुसऱ्याच्या टोकाशी करवंटी टांगली. दादा हाताची घडी घालून उभा. आत्याने नेम धरला. टक्! करवंटी गर्रकन फिरली.

“डोळे गेले म्हनं!” आत्या दादाकडे न बघताच बोलली. “बाळू, तुझ्या बायकोनंच आणल्या ना रे या साड्या? लई छान हायत. आखूड हायत.”

दादाला हसू आवरेना. ट्रंक त्यानेच आत नेऊन ठेवली.

गेल्या रविवारी लातूरला गेले. आत्यासाठी तयार केलेली खोली दादाने दाखवली. तिसरा मजला, खिडकीला जाळी, गादीवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. “एक दिवस बी राहिली न्हाई बघ इथं,” दादा हळहळला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या खोलीत कुठेच आत्या नव्हती... आणि मला फार मोकळं वाटलं.